तळपायापर्यंत पोचलेलं रक्त

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली की घरची माणसं डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात: भरेल ना? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. शुगर आटोक्यात ठेवा, एक दिवसाआड ड्रेसिंग करा, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, पंधरा दिवसांनी दाखवा. पंधरा दिवसांनी जखम तेवढीच असते. महिन्याभराने तिच्या कडा काळ्या पडायला लागतात, बोट काढावं लागतं, बोट काढलेली जागा भरत नाही म्हणून अर्धं पाऊल जातं, आणि तेव्हा कुठे चिठ्ठीवर लिहिलं जातं, 'पायाचा कलर डॉपलर करून आणा'. हा क्रमच उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. जखम भरण्याइतकं रक्त तिच्यापर्यंत पोचतंय की नाही, हे पहिल्याच आठवड्यात आणि प्रत्यक्ष पावलात मोजायला हवं, आणि त्या उत्तरावरून पुढचे उपचार ठरायला हवेत. सोनोग्राफीच्या लहरींनी हे मोजता येतं. सुई टोचावी लागत नाही, मूत्रपिंडावर ताण येणारं औषध शिरेतून द्यावं लागत नाही, आणि त्यासाठी लागणारी साधनं जिल्ह्याच्या गावी बहुधा असतातच. तरीही ही तपासणी शेवटी होते आणि तिला प्रश्नही चुकीचा विचारला जातो.

रुग्णांची संख्या आधी पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडिॲब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत आणि राज्यांमध्ये गोव्याचं प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के आहे. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असावी, असा अंदाज 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या २०१७ सालच्या एका आढाव्यात दिला आहे. त्याच आढाव्यानुसार बरी झालेली जखम वर्षभरात पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे दूरवरच्या एखाद्या दुर्मीळ आजाराची ही गोष्ट नाही. प्रत्येक तालुक्यात, जवळजवळ प्रत्येक मोठ्या कुटुंबात कुणीतरी या वाटेवर उभं आहे.

जखम होते कशामुळे आणि ती भरते कशामुळे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत फार महागात पडते. होण्याचं मुख्य कारण पायातल्या संवेदना जाणं हे असतं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, अंगठ्याखाली खडा रुतून बसला तरी कळत नाही, भर दुपारी देवळाच्या आवारातल्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून आलेल्या माणसाला संध्याकाळी तळव्यावरचा फोड दिसतो तेव्हा कळतं. बोटं वाकडी होतात, पावलाच्या पुढच्या गादीवर दाब वाढतो, तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली त्वचा आतल्या आत फाटते. इथपर्यंत दोष नसांचा आणि दाबाचा. पण झालेली जखम भरायची तर लागतं रक्त, आणि तेही शाबूत त्वचेला रोज लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. धमन्या अरुंद झालेला पाय वर्षानुवर्षं कसलीही तक्रार न करता चालत राहू शकतो, कारण शाबूत त्वचेची गरज थोडी असते. तोच पाय एका फोडानंतर हरतो. युरोपातल्या १० देशांमधल्या १४ केंद्रांनी मिळून 'युरोडायल' नावाचा अभ्यास केला. हजाराहून अधिक रुग्णांच्या या पाहणीत जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या पायातल्या धमन्या आजारी होत्या. वर्षभरात ७७ टक्के जखमा भरल्या. मात्र त्यातला एक निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो: जंतुसंसर्गामुळे जखम न भरण्याचा धोका वाढलेला दिसला तो धमन्या आजारी असलेल्या रुग्णांमध्येच. रक्तपुरवठा चांगला असलेल्यांमध्ये संसर्गाचा तसा परिणाम दिसला नाही. पू सारखाच, अँटिबायोटिकही तेच, पण रक्त पोचत असेल तर पाय वेगळ्या रीतीने लढतो. अशा वेळी रक्ताची मोजणी न करता फक्त अँटिबायोटिक बदलत राहण्याला काय म्हणावं?

मोजणीबद्दलची ही उदासीनता निव्वळ आळसातून आलेली नाही, तिला एक इतिहास आहे. १९५९ साली काही अमेरिकी संशोधकांनी कापून काढलेल्या पायांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि मधुमेहात पायातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्याच बंद होतात असं मांडलं. हे मत वैद्यकात घट्ट रुतून बसलं. बारीक वाहिन्याच बंद झाल्या असतील तर मोठ्या धमनीतला अडथळा काढून काय उपयोग, असा निष्कर्ष मग आपोआप निघाला आणि कित्येक पाय त्या निष्कर्षावर कापले गेले. १९८४ मध्ये लोजेर्फो आणि कॉफमन या बोस्टनच्या डॉक्टरांनी उपलब्ध पुरावा तपासून या कल्पनेला आधार नसल्याचं दाखवून दिलं. मधुमेहात अडथळे येतात ते प्रामुख्याने गुडघ्याखालच्या धमन्यांमध्ये, आणि पावलातली धमनी पुष्कळदा मोकळी असते. बोस्टनमध्येच पुढे पावलावरच्या धमनीपर्यंत शिरेचा तुकडा जोडून बायपास करण्याची पद्धत रुळली आणि एका दशकात हजारावर अशा शस्त्रक्रिया झाल्या. मधुमेही पायासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की जखम भरत नाही याचं खापर बारीक वाहिन्यांच्या आजारावर फोडू नये. तरीही 'शुगरमुळे बारीक नसा बंद झाल्यात, आता काही करता येणार नाही' हे वाक्य आजही दवाखान्यात कानावर येतं. चाळीस वर्षांपूर्वी खोडून काढलेलं हे वाक्य आहे.

रक्त पोचतंय की नाही हे बोटांनी नाडी पाहून कळणार नाही का, असं कुणी विचारेल. नाडी पाहावीच, पण तेवढ्यावर विसंबू नये. आतून रक्त कमी पडत असतानाही पावलावरची नाडी हाताला लागू शकते. पाऊल गरम लागलं म्हणूनही निश्चिंत राहता येत नाही. मधुमेहात रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या स्वायत्त नसाही बिघडतात, मग रक्त त्वचेच्या केशवाहिन्यांना वळसा घालून आडवाटेने थेट शिरांमध्ये परततं. पाय गरम असतो, फुगलेल्या शिरा दिसत असतात आणि त्वचा मात्र उपाशी असते. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब हे गुणोत्तर जगभर वापरलं जातं. ०.९ च्या खाली ते गेलं की धमनी आजारी समजतात. सर्वसाधारण माणसात हे चांगलं चालतं, पण ज्याच्यासाठी ते सर्वांत जास्त हवं त्याच मधुमेह्याला ते फसवतं. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांच्या गुडघ्याखालच्या धमन्यांच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं, नळी कडक होते आणि पट्ट्याने कितीही दाबली तरी दबत नाही. यंत्र मग खोटा, जास्तीचा दाब दाखवतं. गुणोत्तर १.३ किंवा १.४ च्या वर गेलं तर निदान शंका तरी येते. पण खरं गुणोत्तर ०.६ असताना कडकपणामुळे ते १.० दिसलं तर कागदावर सगळं आलबेल असतं. अंगठ्याच्या धमन्या त्या मानाने कमी कडक होतात, म्हणून अंगठ्यावरचा दाब जास्त भरवशाचा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या वर असेल तर जखम भरण्याची शक्यता बरीच वाढते, असं कार्यगटाचं म्हणणं आहे. त्वचेतून प्राणवायूचा दाब मोजणारं यंत्रही असतं आणि तिथे हा उंबरठा २५ चा आहे. अडचण इतकीच की ते यंत्र मोजक्या ठिकाणी आहे आणि अंगठ्याचं म्हणाल तर या रुग्णांमध्ये पुष्कळदा जखम अंगठ्यावरच असते किंवा अंगठा आधीच काढलेला असतो.

इथे डॉपलरची गरज पडते. ख्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्राग इथे जोडताऱ्यांच्या रंगांविषयी लिहिताना मांडलेलं तत्त्व, १९५० च्या दशकात ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने शरीरात वापरलेलं, आणि १९६० च्या दशकात सिॲटलच्या यूजीन स्ट्रँडनेस यांनी पायाच्या धमन्यांसाठी रुळवलेलं. धावत्या रक्तपेशींवर आदळून परतणाऱ्या लहरींची वारंवारिता बदलते, आणि त्या बदलावरून प्रवाहाची दिशा आणि वेग कळतो. साध्या पेन्सिल डॉपलरमध्ये हा बदल थेट आवाजाच्या रूपात ऐकू येतो. आतल्या घोट्यामागे जेल लावून, पेन्सिल थोडी तिरकी धरून कान दिला की निरोगी धमनीचा आवाज एका ठोक्यात तीन तुकड्यांत येतो: जोराचा फटकारा, क्षणभर उलटा झोत, मग पुन्हा छोटासा पुढचा. धमनी कडक असली तरी हा आवाज खोटं बोलत नाही, कारण इथे काही दाबायचं नसतं. वर कुठे अडथळा असेल तर आधी उलटा झोत नाहीसा होतो, मग फटकाऱ्याची धार जाते आणि शेवटी उरते ती एक लांबलेली, मंद सळसळ. ही सळसळ ओळखायला रेडिओलॉजिस्टच हवा असं नाही. चार दिवस कान देऊन सराव केलेली परिचारिका ती ओळखू शकते.

कलर डॉपलर याच्या पुढे जातो. धमनी पडद्यावर दिसते, अडथळा नेमका कुठे आहे ते दिसतं, वेग आकड्यात मोजता येतो. मात्र आपल्याकडचे पायाच्या डॉपलरचे अहवाल वाचले की एक गोष्ट खटकते. मांडीपासून खाली येत प्रत्येक धमनीचं वर्णन असतं, भिंतीवर थर साचल्याची नोंद असते, पोटरीतल्या दोन धमन्यांमध्ये प्रवाह मंद असल्याचं लिहिलेलं असतं, आणि घोट्यापाशी अहवाल संपतो. जखम असते तळव्याला. पाटबंधाऱ्याच्या कामात टेलच्या शेतकऱ्याला महत्त्व असतं. धरणातून आवर्तन सुटलं हे खरं असलं तरी शेवटच्या चारीवर पाणी आलं का, हे त्यालाच विचारावं लागतं. पावलाच्या बाबतीत हा शेवटचा माणूस म्हणजे तळव्यातल्या दोन धमन्या, एक आतल्या बाजूची आणि एक बाहेरच्या. वर अडथळा असूनही आजूबाजूच्या पर्यायी वाटांनी त्या दोघींपर्यंत भरपूर रक्त पोचत असेल, आणि उलट, वर सगळं बरं दिसत असूनही पावलाच्या कमानीत प्रवाह तुटलेला असेल. अडथळा आहे का, या प्रश्नाचं उत्तर वरच्या धमन्यांत मिळतं. जखम भरेल का, याचं उत्तर तळव्यात शोधावं लागतं.

ते शोधण्याची एक पद्धत गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. रुग्णाला उबदार खोलीत पाच-दहा मिनिटं निवांत झोपवतात, कारण थंडीने धमन्या आकसतात आणि मोजमाप बिघडतं. मग छोटा प्रोब तळव्यावर ठेवून बाहेरच्या किंवा आतल्या बाजूची धमनी शोधतात. पडद्यावर प्रत्येक ठोक्याची एक लाट उमटते. लाट जमिनीवरून जिथे उठते तिथे एक खूण आणि तिचा माथा जिथे येतो तिथे दुसरी खूण करतात, आणि दोन्हींमधला वेळ मिलिसेकंदांत वाचतात. याला पेडल ॲक्सिलरेशन टाइम म्हणतात. मोकळ्या धमनीत लाट सरळ उभी चढते आणि १२० मिलिसेकंदांच्या आत माथा गाठते. वर अडथळे असतील तर रक्त वळणावळणाने येतं आणि लाट आळसावल्यासारखी तिरकी चढते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ज्या गटाने ही पद्धत २०१९ च्या सुमारास मांडली, त्यांनी चार पायऱ्या केल्या: १२० पर्यंत ठीक, १८० पर्यंत सौम्य, २२४ पर्यंत मध्यम आणि त्याच्या पुढे तीव्र कमतरता. धमनी मोकळी करण्याचे उपचार झाल्यावर हा वेळ १८० च्या आत आला तर पाय वाचण्याची शक्यता बरीच चांगली असते, असंही त्यांना आढळलं. यातली खुबी दोन ठिकाणी आहे. धमनी दाबायची नसल्यामुळे कॅल्शियमचा अडसर येत नाही. आणि वेग मोजताना प्रोबचा कोन चुकला की आकडा चुकतो, तसं इथे होत नाही, कारण मोजायचा आहे तो काळ. शिवाय अंगठा नसलेल्या पायातही ही मोजणी करता येते.

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायलाच हवं. पहिला आक्षेप पुराव्याचा. आजवरचे अभ्यास बहुतांशी लहान आणि एकेका केंद्रातले आहेत. मोठ्या, अनेक केंद्रांच्या अभ्यासांची गरज आहे, आणि हे उंबरठे दगडावरची रेघ मानू नयेत. दुसरा आक्षेप शरीराचा. हृदयाची झडप अरुंद झालेली असेल किंवा हृदयाचा जोरच कमी असेल तर पायातली धमनी मोकळी असूनही लाट तिरकी चढते. म्हणून दंडातल्या धमनीची लाटही पाहून घ्यावी. दोन्हीकडे सारखीच मंद असेल तर खोट वर आहे. पायाला मोठा संसर्ग असेल तेव्हा उलट गडबड होते. दाहामुळे वाहिन्या सैलावतात, निरोगी पायातला तो तीन तुकड्यांचा आवाज जाऊन प्रवाह एकसलग होतो, आणि नवखा तपासनीस त्याला अडथळा समजून बसतो. पण तिथे लाट उभीच चढलेली असते, फक्त ती खाली येऊन जमिनीला टेकत नाही. हा फरक ओळखता यायला प्रशिक्षण लागतं. तिसरा आक्षेप असा की डॉपलरला केशवाहिन्या दिसत नाहीत. बरोबर आहे. धमनीत पुरेसं रक्त असूनही त्वचेच्या टोकाशी ते पोचत नसेल अशी उदाहरणं आहेत. पण धमनीतच रक्त नसताना केशवाहिन्यांची चर्चा करण्यात अर्थ नाही, आणि दुरुस्त करता येण्याजोगा बिघाड बहुतेक वेळा धमनीतच असतो.

सर्वांत गंभीर आक्षेप भाकिताच्या स्वभावाबद्दलचा आहे. स्वीडनमधल्या लुंड इथे धमनीवर कुठलाही उपचार होऊ न शकलेल्या सुमारे ६०० मधुमेही रुग्णांचा मागोवा घेतला गेला. सगळ्यांच्या पायात रक्त कमी होतं, तरीही काळजीपूर्वक उपचारांनी जवळजवळ निम्म्यांची जखम भरली, काहींची बोट वा पावलाचा भाग गमावून का होईना. मग कमी रक्ताच्या आकड्यावरून माणसाला घाबरवायचं कशाला? दुसऱ्या बाजूने २००३ सालचा अमेरिकेतला अभ्यास सांगतो की चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ साधारण अर्ध्याहून जास्त घटलं तर बारा आठवड्यांत भरण्याची शक्यता ५८ टक्के, आणि तेवढं घटलं नाही तर फक्त ९ टक्के. एक साधी मोजपट्टी इतकं सांगत असेल तर सोनोग्राफी हवीच कशाला? या दोन्ही प्रश्नांतून जे दिसतं ते माझ्या म्हणण्याला बळच देतं. एकच आकडा भवितव्य ठरवत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संस्थेने २०१४ मध्ये आणलेल्या वर्गीकरणात जखम किती खोल, रक्त किती कमी आणि संसर्ग किती, या तिन्हींना शून्य ते तीन असे वेगवेगळे गुण देऊन मग एकत्र विचार केला जातो. मोजपट्टी रोज वापरावीच, पण तिचं उत्तर महिन्याने मिळतं आणि जखम का भरत नाही हे ती सांगत नाही. रक्त पुरेसं असलेल्या रुग्णाची जखम महिन्यात लहान झाली नसेल तर दोष बहुधा दाबाचा किंवा संसर्गाचा असतो: पाय टेकवणं थांबलेलं नाही, पादत्राण चुकीचं आहे, हाडापर्यंत संसर्ग गेलाय. रक्तच कमी असलेल्याचा महिना मात्र वाया गेलेला असतो, आणि पावलात तेवढा वेळ शिल्लक असतोच असं नाही.

उपचारांत नेमका काय फरक पडतो, ते दोन उदाहरणांनी सांगतो. तळव्याच्या जखमेवर सर्वांत परिणामकारक इलाज म्हणजे तिच्यावरचा भार काढणं, आणि त्यासाठी पावलाला चिकटून बसणारं प्लास्टर घालतात. या इलाजाची मुळं आपल्याच देशात आहेत. वेल्लोरला कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी संवेदना गेलेल्या पायांवर प्लास्टर वापरून वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा भरून दाखवल्या, आणि पुढे अमेरिकेत तीच पद्धत मधुमेही पायांसाठी स्वीकारली गेली. पण पायात रक्त फार कमी असेल आणि संसर्गही असेल तर काढता न येणारं प्लास्टर धोक्याचं ठरतं. आत काय चिघळतंय ते दिसत नाही. म्हणजे सर्वांत चांगला इलाज वापरावा की टाळावा हे रक्ताच्या मोजणीवर अवलंबून आहे, आणि मोजणी झालेली नसते म्हणून भीतीपोटी तो सगळ्यांनाच नाकारला जातो. दुसरं उदाहरण सुरीचं. करंगळी काळी पडली की ती काढावी हा विचार साहजिक आहे. पण काढलेली जागा ही एक नवी जखम असते आणि तिलाही भरायला रक्त हवंच. रक्त कमी असताना बोट काढलं की जागा काळी पडते, मग शेजारचं बोट, मग पुढचं पाऊल, असं पाय तुकड्या-तुकड्याने जातो आणि प्रत्येक वेळी घरच्यांना वाटतं की मधुमेहच चरत चाललाय. पू दाबून बसला असेल, ताप असेल, तर थांबू नये, पू त्याच रात्री मोकळा करावा. पण कोरडं, वाळलेलं काळं बोट घाई करत नाही. तिथे आधी तळव्यातली लाट पाहावी, गरज असेल तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त आणावं, मग पुन्हा लाट मोजावी आणि ती सुधारली असेल तर बोटाला हात लावावा. बायपाससाठी मांडीतली शीर चांगली आहे का हेही सोनोग्राफीनेच आधी पाहता येतं. अँजिओप्लास्टी आधी की बायपास, यावर २०२२ आणि २०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांच्या उलट आले. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. दोन्ही बाजूंना गृहीत आहे ते हेच की रुग्ण वेळेत त्यांच्यापर्यंत पोचलाय.

आणि तिथेच आपलं घोडं अडतं. इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांत पायाची जखम असलेल्या मधुमेह्याला एका कामकाजाच्या दिवसात पायाच्या विशेष पथकाकडे पाठवावं असं आहे. आपल्याकडे रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा मोजक्या शहरांत एकवटलेले आहेत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या रुग्णाला तपासणी सांगून पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की साधनं थोडी असतात तेव्हाच कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही हे ठरवणारी तपासणी जास्त गरजेची असते. ज्याच्या तळव्यात भरपूर रक्त आहे त्याला दोनशे किलोमीटर नेण्याची गरज नाही. त्याला घट्टा तासून, योग्य चप्पल देऊन, पाय टेकवू न देता गावातच बरं करता येतं. ज्याचा आवाज मंद सळसळ झालाय त्याने मात्र त्याच आठवड्यात गाडी धरावी.

यंत्रांचा प्रश्न महाराष्ट्रात थोडा नाजूक आहे, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९८८ मध्ये देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधल्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरली. या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि हातात धरून नेता येणारं यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत. पायाच्या रुग्णांसाठी ही बंधनं सैल करा, अशी मागणी मी करणार नाही. ज्या कारणासाठी ती आली ते कारण अजून संपलेलं नाही. पण बंधनांच्या आतही पुष्कळ जागा आहे. पेन्सिल डॉपलरमध्ये पडदाच नसतो, फक्त आवाज असतो, त्यातून गर्भाचं चित्र दिसण्याचा प्रश्नच येत नाही. शुगर आणि रक्तदाब तपासणारी केंद्रं आता ग्रामीण रुग्णालयांत चालतात. तिथल्या परिचारिकेच्या हाती हे साधन आणि ते ऐकण्याचं प्रशिक्षण देता येईल. तळव्यातल्या लाटेची मोजणी मात्र नोंदणीकृत केंद्रातच व्हावी, आणि ती होण्यासाठी चिठ्ठीवरचा मजकूर बदलला तरी पुष्कळ होईल. 'दोन्ही पायांचा डॉपलर' एवढंच न लिहिता, जखम कुठल्या जागी आहे, तळव्यातल्या दोन्ही धमन्यांमधली लाट कशी आहे आणि माथा गाठायला किती मिलिसेकंद लागतात, हे स्पष्ट विचारावं. विचारलेलं नसतं म्हणून रेडिओलॉजिस्ट घोट्यापाशी थांबतो.

शेवटी त्या रुग्णांविषयी, ज्यांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असं येतं. तळव्यात लाट जवळजवळ सपाट आहे, धमनी उघडण्याजोगी नाही, शीर वापरण्याजोगी नाही. अशा वेळी डॉपलर क्रूर वाटेल. मला तसं वाटत नाही. मधुमेह्याचा पाय वरून कापावा लागला तर पुढच्या पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. त्या उरलेल्या काळातले सहा-आठ महिने ड्रेसिंगच्या वासात, वेदनेत आणि एकामागून एक शस्त्रक्रियांत काढायचे, की लवकर निर्णय घेऊन कृत्रिम पायावर उभं राहायचं, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे, आणि खरं उत्तर हाती असल्याशिवाय तो हक्क वापरता येत नाही. लुंडचे आकडे सांगतात तसं काहींची जखम तरीही भरेल. वेदना नसेल, संसर्ग नसेल तर वाट पाहण्याचा पर्यायही त्यांना द्यायला हवा. आणि पाय काढायचंच ठरलं तर गुडघा वाचवण्याचा प्रयत्न करावा, कारण स्वतःचा गुडघा असलेल्या माणसाला कृत्रिम पायावर चालणं पुष्कळ सोपं जातं. गुडघ्याखाली कापलेली जागा भरून यायला पुरेसं रक्त गुडघ्यामागच्या धमनीत आहे का, तेही त्याच टेबलावर, त्याच यंत्राने, शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी पाहून घ्यावं.